एक जुलैची जुळी

वणी,
८ जून २०२५

बेबी,

जय भीम. आत्याले माहा जय भीम सांगजो.

फोन सोडून पत्र काहून लिहून राह्यला हा, असं तुले वाटन. स्पीकरवर टाकल्याशिवाय मले फोन ऐकू येत नाही, अन् पायल घरातच असते. हे तिच्या कानावर जायले नको.

सरळ लिहितो. येत्या एक जुलैले मले अठ्ठावन्न पूर्ण होतात. तुलेबी होतात, पण तुह्यं वेगळं आहे, तू तुह्या बापाच्या घरची. आमच्या घरात अठ्ठावन्नाच्या पुढं माणूस जात नाही. बाबा गेले तवा सर्व्हिस बुकात अठ्ठावन्न. दोन सालं आधी मोठा भाऊ गेला, त्याचेबी अठ्ठावन्नच. आता माही पाळी. डॉक्टरकडं गेलतो. सगळं नॉर्मल आहे म्हणते. भावाचंबी नॉर्मलच होतं.

रडगाणं नाही हे. उलट एका अर्थानं बरं झालं, माणसाले आधी कळलं तर तो टाइम वाया घालवत नाही. मी कामाले लागलो. बँकेत पायलचं नाव लावलं. अंगणात आंब्याचं कलम लावायसाठी आणलं होतं, ते शेजारच्या रामधनले देऊन टाकलं. पाच सालानं येणारे आंबे कोण खाईन? चपला घ्यायच्या होत्या, त्या जुन्याच शिवून घेतल्या.

एकच गोष्ट मनासारखी करायची आहे. पायलले पुण्याले जमिनीखालच्या पाण्याच्या अभ्यासाची सीट भेटली. दोन सालं. पाच ऑगस्टच्या आत हजर व्हायचं आहे. मी तिले म्हटलं, एक साल थांब, पुढच्या साली जाय. कारण सांगितलं नाही. ती ‘बरं’ म्हणाली. तिची माय गेल्यापासून आमी दोघंच आहो. शेवटचं एक साल पोरगी डोळ्यासमोर राह्यली म्हणजे झालं. त्यानंतर तिले तू पाहजो. एवढंच मागतो.

तिले सांगू नको. तुले आत्याची शपथ.

तुहा,
भीमराज

•

पुसद,
१५ जून २०२५

प्रिय भीमराज,

जय भीम. पत्र मिळालं. पोस्टमनने ते लगेच हाती दिलं नाही. दोन्ही बाजूंनी पाहिलं, मग म्हणाला, “मॅडम, हातानं लिहिलेलं हाय!” बँकेची आणि विजेची पाकिटं वाहून त्याचा पत्रांवरचा विश्वास उडाला असावा.

आता तुझ्या सिद्धान्ताकडे वळू. तीस वर्षं मुलांना संस्कृत शिकवलं, त्यात न्यायशास्त्राचं जेवढं कानावर पडलं त्यावरून सांगते. धूर दिसला की अग्नी असतो, हे म्हणायलासुद्धा आधी पुष्कळ स्वयंपाकघरं पाहावी लागतात. तू दोन चुली पाहिल्यास आणि शास्त्र मांडलंस. त्यातली एक चूल तर भलत्याच कारणाने विझली. दादाला, तुझ्या मोठ्या भावाला, पांढरकवड्याच्या अलीकडे हायवेवर ट्रकने उडवलं. त्या ट्रकवाल्याने आधी आधार कार्ड मागून वय पाहिलं होतं का? नसेल, तर याला हेत्वाभास म्हणतात. म्हणजे कारणासारखं दिसणारं, पण कारण नसलेलं. (दादाबद्दल असं लिहायला नको. पण तो असता तर माझ्याआधी हे त्यानेच म्हटलं असतं, आणि वर तुला एक टपली मारली असती.)

आयुष्य थोडं आहे, हे तुझं म्हणणं मान्य. ते थोडंच असतं, वजनकाट्यावर बसलेल्या बाबूचंही आणि शाळेतल्या बाईचंही. पण थोडं आहे म्हणून लांब पल्ल्याचं सगळं बंद, हा कुठला न्याय? पावसाचे दिवस मोजकेच म्हणून आपल्याकडे कोणी पेरणी टाकून घरी बसतं का? आणि चपला कायले शिवल्या रे? अठ्ठावन्नाव्या वर्षी अनवाणी जाण्याचाही नियम आहे का तुमच्या घरात?

पायलबद्दल या पत्रात लिहीत नाही. ते लिहायला बसले की माझा विनोद सुटतो. शपथ पाळते, तिला सांगणार नाही. आईची शपथ घालण्याआधी आईला विचारायचं होतंस एवढंच. ती म्हणते, “माह्या नावानं जो उठला तो शपथ घालते.”

तीस जूनला मी निवृत्त होते. एक तारखेला जन्मलेल्यांना सरकार आदल्या दिवशीच घरी पाठवतं, त्या एका दिवसाचाही मोह नको म्हणून. त्यानंतर मोठं काम काढणार आहे, आईच्या आठवणी लिहून घ्यायच्या. सध्या त्यासाठी टेबल आवरते आहे.

तुझीच,
मैत्रेयी (शाळेत), बेबी (तुझ्याकडे)

•

वणी,
२२ जून २०२५

बेबी,

जय भीम.

तुले सगळ्याची मजाक सुचते. तुह्या न्यायशास्त्रानं माणूस मरायचा थांबत असता तर सगळे शास्त्री आजपर्यंत जिते असते.

अन् टेबलाचं मले सांगू नको. मी तुह्या घरी आलतो तवा, पायल दुसरीत होती, तवाबी तू तेच टेबल आवरून राह्यलती. म्हणे, आईच्या आठवणी लिहायच्या आहेत. पायल आता एकवीसची झाली. टेबल अजून आवरूनच राह्यलं. मी निदान यादी करून एक एक काम उडवतो.

दोन चुली म्हणते, तर तिसरीबी ऐक. आमचे आबा, म्हणजे बाबाचे बाप, तेबी अठ्ठावन्नालेच गेले. लहानपणी घरात असंच ऐकलं. नसेल पटत तर आत्याले विचार, तिचाच तर बाप होता तो.

पायलनं कॉलेजले कळवून टाकलं असन. कालपासून पुस्तकं माळ्यावर ठेवून राह्यली. काही बोलत नाही. स्वयंपाक मात्र चांगला करते. काल तिनं वांग्याची भाजी केलती, तिच्या मायच्या हातची वाटली. मी जेवता जेवता उठून बाहेर गेलो.

भीमराज

•

पुसद,
३ जुलै २०२५

प्रिय भीमराज,

जय भीम. सर्वप्रथम, आज तीन तारीख आहे आणि तू अजून आहेस. अभिनंदन.

माझा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ आणि चार भाषणं. चौघांनीही सांगितलं की मॅडमना आता वेळच वेळ आहे. घरी येऊन नारळ फोडला, तो कुजका निघाला. आई म्हणाली, “भाषणं ऐकून असन.”

तू म्हणालास तसं आबांबद्दल आईला विचारलं. तांदूळ निवडता निवडता ती एवढी हसली की सूप बाजूला ठेवावं लागलं. म्हणाली, “माह्या बापाले सोताचं वय कुठं ठाव होतं? कोणी पुसलं का म्हणे, ‘असन साठीच्या आतबाहेर.’ तो अठ्ठावन्न कायचा? दात पडून सालं झालते त्याचे. अन् दादाचंबी कायचं अठ्ठावन्न!”

हे शेवटचं वाक्य मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. दादा म्हणजे तिचा भाऊ, तुझे बाबा, माझा मामा. आणि मग भीमा, ती जी बोलत सुटली ती दिवेलागणीपर्यंत. तिच्याकडे सन नाहीत, घटना आहेत. मी घटनांना सन लावले.

पहिला झेंडा लागला त्या साली, म्हणजे सत्तेचाळीसला, मामा पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत होता आणि मोठ्या गड्याची मजुरी घेत होता. आई तेव्हा रांगत होती, हे तिने तिच्या आईकडून ऐकलेलं. पुढचं मात्र तिने डोळ्यांनी पाहिलं आहे. दीक्षेच्या साली, छप्पनला, सगळे पांढरे कपडे घालून निघाले. वणीपर्यंत पायी, पुढे रेल्वेने नागपूर. आई दहा वर्षांची, पायाला फोड आलेले. तिने मामाला म्हटलं, मले उचल. मामा म्हणाला, “तुले कसा उचलू? माह्या खांद्यावर आधीच एक बसली आहे.” ती बसलेली म्हणजे तुझी थोरली बहीण, आता नागपूरला असते ती. तेव्हा तीन वर्षांची.

आता तुझं सर्व्हिस बुक उघड. त्यात मामाचा जन्म एकोणचाळीसचा. म्हणजे मामा आठव्या वर्षी कापसाच्या गाठी उचलत होता, आणि चौदाव्या वर्षी बाप झाला. दोन वर्षांपूर्वी त्या ताईची सत्तरी केली तेव्हा केकचा सगळ्यात मोठा तुकडा तू खाल्लास. हा साधा हिशोब तुला किंवा मला, दोघांपैकी एकालाही सुचू नये?

तर खरं असं आहे. एकोणसाठ साली रस्त्याच्या गँगमध्ये भरती निघाली. पंचवीसच्या वरचा नको होता. मामा तेव्हा तिशीला टेकलेला. आदल्या दिवशी त्याने मिशा काढल्या. आई सांगते, “घरात आला तं मायनं वळखलंच नाही, म्हणे कोण पाव्हणा आला.” ओव्हरसियरने विचारलं, वय किती? मामा म्हणाला, लिहा वीस. त्याने लिहिलं. त्या दिवसापासून मामा वीस वर्षांचा झाला आणि मरेपर्यंत त्याच हिशोबाने चालत राहिला.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात तो गेला तेव्हा अठ्ठावन्नाचा नव्हता, भीमा. सदुसष्टाचा होता. एखादं वर्ष जास्तच.

तेव्हा तुमच्या घराण्याचा नियम मी रद्द करते. उरला एक ट्रक.

आईने आणखी एक गोष्ट सांगितली. ती सध्या माझ्यापाशीच असू दे.

मैत्रेयी

•

वणी,
१२ जुलै २०२५

बेबी,

पत्र काटाघरात नेऊन वाचलं. बाहेर गाड्यांची लाइन लागलती. ड्रायव्हर लोक हॉर्न मारून राह्यले अन् मी तसाच बसून. एक जण आत आला, म्हणे, “बाबूजी, तबियत खराब है क्या?” म्हटलं, नाही रे, बरी झाली.

पहिले तं खूप हलकं वाटलं. सांगतो खरं. छातीवरून कोणी गोटा उचलल्यासारखं. त्या दिवशी सुट्टी झाल्यावर बाजारात गेलो अन् चपला घेतल्या. महागाच्या.

मग घरी येऊन दुसरंच दिसू लागलं. सदुसष्ट, बेबी. मे महिन्याच्या उन्हात, डांबराच्या ड्रमापाशी, सदुसष्ट वर्षांचा माहा बाप. बरोबरचे चाळिशीचे गडी सावलीत बसायचे अन् बाबा उभे राहायचे, हे मले आठवते. मी विचारलं होतं एकदा, बसत काहून नाही तुमी? म्हणे, बसलो का उठायले वेळ लागते, मग लोक पाहातात. मले तवा समजलं नाही. अठ्ठावन्नाच्या माणसाले उठायले कायले वेळ लागन? ते लपवून राह्यलते. नऊ सालं जास्तीचा रस्ता त्यानं अंगावर घेतला, अन् आमी त्याच्यावरून काय शिकलो, तर आमच्या घरात लवकर मरतात.

आमच्या काट्यावर गाडी पहिले रिकामी मोजतात, मग भरलेली. रिकाम्या गाडीचं वजनच चुकीचं लिहिलं असन, तर पुढचं सगळं चुकीचं. तीस सालं मी हेच काम करून राह्यलो, अन् बापाच्या वेळी रिकामं वजन तपासलंच नाही.

आता मले काही भीती नाही. तू जितली.

पायलचं म्हणशील तर तिचं आता ठरून गेलं. तिनंबी मनाची तयारी केली, पुस्तकं माळ्यावर गेली. घर भरल्यासारखं वाटते. एक सालानं काय बिघडते? पुढच्या साली जाईन. सीट काही पळून जात नाही.

आत्याले विचार, बाबाले मिशा कशा दिसायच्या. माह्याजवळ मिशावाला फोटो नाही.

भीमराज

•

पुसद,
१८ जुलै २०२५

चिरंजीव भीमा,

तुला आजवर असं कधी लिहिलं नव्हतं. वडीलधाऱ्याने लहानाला लिहायचा हा मायना आहे, आणि आपण तर एका दिवशी जन्मलेले, एक जुलैची जुळी. पण आता मला तो अधिकार आहे असं कळलं. माझ्यापाशी ठेवलेली गोष्ट तीच. ती सांगायची वेळ येऊ नये असं वाटत होतं. तुझं पत्र वाचून आली.

मामाबद्दल सांगून झाल्यावर आई सहज म्हणाली, “तुमच्या दोघाईचं तरी कुठं खरं आहे? भीमा झाला तवा तू चांगली अडीच वर्षांची होती. त्याले पाहून म्हणाली, ‘हे कायले आणलं?’”

मी म्हटलं, मग शाळेत दोघांची तारीख एक कशी? तर ऐक. आई माहेरी परत आली तेव्हा मी तान्ही होते, हे तुला माहीत आहे. मामी आणि आई दोघी मजुरीला जायच्या, मामा रस्त्यावर, दादा शाळेत, ताई सासरी. मी सहा वर्षांची झाले तेव्हा मामा मला शाळेत घालायला निघाला होता. पण तू साडेतीन वर्षांचा. तुला कोण पाहणार? घरात ठरलं, बेबी थांबेल. भीमा शाळेत जाण्याएवढा झाला की दोघांना एकदमच घालू. एक-दोन सालानं काय बिघडते? हे वाक्य आईने मला जसंच्या तसं सांगितलं. तुझ्या पत्रात ते अक्षरशः उतरलेलं पाहिलं आणि मला वाटलं, मामाचं घर अजून बोलतंय.

मी थांबले. तुला कडेवर घेऊन शाळेच्या खिडकीशी उभी राहायचे. हे मलाही पुसट आठवतं, पण कारण माहीत नव्हतं. तू माझे केस ओढायचास आणि आत मुलं बाराखडी म्हणायची. दोन वर्षांनी मामा आपल्याला घेऊन गेला. हेडमास्तरांनी जन्मतारखा विचारल्या, मामा म्हणाला, दोघाईचं एकच लिहा. शाळा एक जुलैला उघडली होती, त्यांनी तीच लिहिली. नाव विचारलं, मी सांगितलं बेबी. ते म्हणाले, हे काय नाव झालं? मग काय येतं विचारलं, तर मी अख्खी बाराखडी आणि पंचवीसपर्यंतचे पाढे म्हणून दाखवले. त्यांनी चष्मा काढला आणि मैत्रेयी लिहिलं. भीमा, पन्नास वर्षं मी स्वतःला हुशार समजत होते. मी पहिली दोनदा खिडकीतून केली होती, एवढंच.

मला राग नाही. तुझ्यावर तर नाहीच, तू साडेतीन वर्षांचा होतास. मामावरही नाही. पुढे मला संस्कृत शिकायचं होतं तेव्हा गावात लोक हसले, आणि तोच मामा म्हणाला होता, शिकू द्या, भाषेवर कोणाचा सातबारा नाही. पण मला कोणी विचारलं नव्हतं. ती दोन वर्षं कुठल्याच सर्व्हिस बुकात नाहीत.

तू भ्यायला होतास तोवर पायलला थांबवणं मी समजू शकत होते. चूक होती, पण भ्यालेल्या माणसाची. आता भीती गेली, तरी पोरगी थांबलेलीच. आता कारण काय, तर घर भरल्यासारखं वाटतं. तुझा काळ थोडा आहे म्हणून तू कामाला लागलास, छान केलंस. पण खर्च करायला काढलेलं ते वर्ष तुझं नव्हतं, तिचं होतं. तिला तू विचारलं नाहीस, सांगितलंस.

तुझ्यासाठी एक मुलगी आधीच दोन वर्षं थांबली आहे, भीमा. दुसरी नको.

शपथ अजून पाळते आहे, पायलला काही बोललेले नाही. तिला तूच सांग, सगळं, अठ्ठावन्नाच्या वेडासकट. आज अठरा तारीख आहे. पत्र तुला पाच दिवसांनी मिळेल. मग तुझ्याकडे बारा उरतात.

या पत्रात थट्टा कमी पडली. टेबल आवरून झालं आहे.

तुझी थोरली बहीण,
बेबी

•

वणी,
३० जुलै २०२५

बेबी,

जय भीम.

तुह्यं पत्र आलं तवापासून चार दिवस मी खिशात घेऊन फिरलो. पाचव्या दिवशी पायलच्या पुढं ठेवलं. पहिल्यापासूनची सगळी ठेवली. म्हटलं, वाच. माह्यानं बोलणं होत नाही.

तिनं सगळी वाचली. मी ओसरीवर बसलो. आतून आवाज आधी हसल्यासारखा आला, मग रडल्यासारखा, मले दोन्हीतला फरक कळेना. बाहेर आली अन् म्हणे, “बाबा, तुमी चपला शिवून घेतल्या तवाच मले काही तरी गडबड वाटलती.”

मी म्हटलं, “माहं चुकलं. आता कॉलेजले फोन लावून पाह्य. सीट गेली असन तर मी पुण्याले जाऊन त्याईच्या पाया पडतो.”

तर म्हणते, “कायले पडता? मी कळवलंच नव्हतं.”

“म्हंजे?”

“तुमी थांब म्हणले, मी बरं म्हणलं. कारण तुमी सांगितलं नव्हतं. म्हटलं, पाच तारखेपर्यंत टाइम आहे, तुमी सांगसान. रोज जेवताना वाट पाहून राह्यलती. वांग्याच्या भाजीच्या दिवशी वाटलं आता सांगतात, तर तुमी उठूनच गेले.”

“अन् सांगितलं नसतं तर?”

मग म्हणे, “मालूम नाही, बाबा.” बेबी, त्या ‘मालूम नाही’नं मले जे वाटलं ते अठ्ठावन्नाच्या भीतीनंबी वाटलं नव्हतं. पाच तारखेले आठवडाच उरलता.

पुस्तकं माळ्यावरून मीच काढली. तीन तारखेची गाडी आहे नागपूरहून. मी सोडायले जातो, अन् परत येतो. सुट्टी मंजूर झाली.

तुह्या दोन सालाचं काय करू, मले समजत नाही. ते काही परत देता येत नाही. पण माहं अक्षर चांगलं आहे, काट्यावर सगळे म्हणतात. तू अन् आत्या बोला, मी लिहितो. महिन्यातून एक शनिवार-रविवार येत जाईन. टेबल आवरलं म्हणतेस, तर त्याच्यावर काही तरी ठेवावं लागन.

तुहा लहाना भाऊ,
भीमा

•

पुसद,
६ ऑक्टोबर २०२५

चिरंजीव भीमा,

जय भीम. काल संध्याकाळी तुझी एसटी सुटली, आणि तुझी पाण्याची बाटली, टॉवेल आणि चष्म्याचं घर इथेच राहिलं. तुला लिहायला बसवलं की तू वस्तू विसरतोस, हा दोन महिन्यांतला माझा अनुभव. यातून मी कुठलाही सिद्धान्त मांडत नाही, कारण उदाहरणं फक्त दोन आहेत.

वहीची बहात्तर पानं झाली. अक्षर खरंच चांगलं आहे, फक्त आई जिथे जिथे शिवी देते तिथे तू टिंबं का टाकतोस? ती म्हणते, “दादाची मिशी लिहिली तशी माही शिवीबी लिव्ह.” पुढच्या खेपेला भरून काढ.

गल्लीत बातमी फुटली आहे की कांताबाई खरं वय काढून देते. आज सकाळी समोरचे प्रेमसिंग आले, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. ओट्यावर बसून म्हणाले, “कांताबाई, मी कवाचा, ते सांगा.” आई म्हणाली, “मी तुमच्या तांड्यातली नाही, मले कसं ठाव? तुमी झाले तवा काय झालतं ते सांगा.” ते म्हणाले, आई सांगायची, पूस नदीला मोठा पूर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. आईने बोटांवर मोजलं आणि त्यांना सरळ तीन वर्षांनी म्हातारं केलं. बिचारे चहा न घेता गेले. दुपारी मात्र परत आले. तीन वर्षं गेली ती गेली, म्हणाले, पण मुलाकडे हैदराबादला जायचं चार वर्षांपासून पुढे ढकलत होतो, आज तिकीट काढलं.

माझंही तसंच आहे. माझी दोन वर्षं एका बैठकीत गेली. जूनमध्ये अठ्ठावन्नाची म्हणून सत्कार झाला आणि जुलैत बसल्या बसल्या साठीची झाले. पण खरं सांगू? मला त्याचं दुःख होत नाही. सरकारला मी दोन वर्षं फसवलं, मामाने नऊ. आपल्या घराण्याचा नियम शोधायचाच असेल, तर हा घे.

पायलचं परवा पत्र आलं. फोन असताना पोरगी पत्र लिहिते, तुझीच लागण. जमिनीत दोनशे फुटांवरचं पाणी हजारो वर्षांपूर्वी पडलेल्या पावसाचं असू शकतं, असं त्यांना शिकवतात म्हणे. खाली लिहिलं आहे, “आत्या, मी वर्गात पहिल्या बाकावर बसते. खिडकी लांब आहे.” ती ओळ मी आईला वाचून दाखवली. आईने पायलचं पत्र हातात घेऊन पाहिलं. मग मला म्हणाली, “तू उभी राहात होती खिडकीपाशी, ते मले दिसायचं. वावरातून येताना.” एवढंच. ते मी वहीत लिहिलेलं नाही. पुढच्या खेपेला तू लिही.

आता शेवटचं. तू गेल्यावर आईला आणखी एक गोष्ट आठवली. ती सांगितली नाही तर मला झोप लागणार नाही, आणि सांगितली तर तुला. पण तू आता धट्टाकट्टा आहेस म्हणून सांगते.

तुझा जन्म जुलैतला नाही. तुझी आई वावरात कापूस वेचत होती, पहिली वेचणी, दिवाळी होऊन गेलेली. ओच्यातला कापूस तसाच घेऊन ती घरी आली, आणि तुला पहिल्यांदा ठेवलं ते त्या कापसावर. म्हणजे एक जुलैला, ज्या दिवसाला तू एवढा भ्यालास, त्या दिवशी तुझं काहीच नव्हतं. फक्त शाळा उघडली होती.

म्हणजे असं की, भीमा, अठ्ठावन्न तुला अजून पूर्ण व्हायचेच आहेत. येत्या नोव्हेंबरात होतील.

हे वाचून तू पुन्हा चपला शिवायला टाकतोस, की रामधनकडून परत न मिळालेल्या कलमाच्या जागी नवीन आणलंस त्याला पाणी घालतोस, ते मी इथून सांगू शकत नाही. पण तू हसला असशील असं वाटतं. मी तरी लिहिताना हसले.

नोव्हेंबरात ये. तारीख नक्की नाही, तेव्हा आई म्हणते, जो रविवार असेल त्या रविवारी करू. केक मी आणते. मोठा तुकडा या वेळी आईचा.

चष्म्याचं घर पोस्टाने पाठवत नाही. घ्यायला ये.

तुझी थोरली,
बेबी